रिस्टार्टच्या फेऱ्यात अडकलेला ऑफिसचा फोन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेडमधल्या दवाखान्याचं रिसेप्शन असो, लातूरच्या मार्केट यार्डातली अडत असो, की दोन्ही शहरांतल्या शिकवण्यांची ऑफिसं असोत, अनेक टेबलांवर आता इंटरनेट फोन, म्हणजेच आयपी फोन आलाय. दिसायला तो लँडलाइनसारखा असला तरी आतून छोटा संगणकच असतो. त्याला लॅन केबल लागते, आयपी अ‍ॅड्रेस लागतो, पासवर्ड लागतो. त्यामुळे सेटिंगमध्ये एक आकडा चुकला तरी तो अडकतो. लोगो येतो, थोडा थांबतो, स्क्रीन काळी पडते, पुन्हा लोगो. तिकडे कुणी डॉक्टरांची वेळ घ्यायला, कुणी सोयाबीनचा भाव विचारायला नंबर लावत असतं. अशा वेळी घाईघाईत केलेले उपाय मूळ चुकीपेक्षा महागात पडतात. बहुतेक उपायांमागे पुढचे गैरसमज असतात.

गैरसमज १: फोन जळाला, आता नवाच घ्यावा लागणार.

वस्तुस्थिती: स्क्रीन उजळून लोगो येत असेल तर फोनला वीज मिळतेय आणि त्याचा मुख्य भाग काम करतोय. सेटिंग बदलल्यावर लगेच हा त्रास सुरू झाला असेल, तर दोष सेटिंगमध्येच असण्याची शक्यता फार मोठी.

सुरू होताना फोन ठरावीक क्रमानं कामं करतो. आधी स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर उचलतो. मग आपण कोणत्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या कोणत्या कप्प्यात बसायचं ते ठरवतो. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेकडून आयपी अ‍ॅड्रेस घेतो, सर्व्हरवरून सेटिंगची फाइल उतरवतो आणि शेवटी कॉल जोडणाऱ्या सिप सर्व्हरवर नाव नोंदवतो. म्हणून कशालाही हात न लावता दोन-तीन फेऱ्या नुसत्या पाहा. लोगोच्या पुढेच जात नसेल तर संशय फर्मवेअरवर. नेटवर्क शोधताना अडत असेल तर केबल, व्हीलॅन किंवा डीएचसीपी. एक्स्टेन्शन नंबर क्षणभर दिसून फोन बंद पडत असेल तर नेटवर्क बरोबर आहे, उतरलेली फाइल तपासा. या फेऱ्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. हैदराबाद किंवा पुण्यात बसलेल्या तंत्रज्ञाला ‘फोन चालत नाही’ या वाक्यापेक्षा त्या व्हिडिओतून कितीतरी जास्त कळतं.

गैरसमज २: लाईटचाच प्रॉब्लेम आहे.

वस्तुस्थिती: कधी कधी असतो, पण तो पाच मिनिटांत तपासता येतो. बरेच आयपी फोन लॅन केबलमधूनच वीज घेतात, यालाच पीओई म्हणतात. २००३ मध्ये ठरलेल्या पीओई मानकानुसार नेटवर्क स्विचचा एक पोर्ट १५.४ वॅटपर्यंत वीज देतो आणि केबलमधली घट धरून फोनपर्यंत १२.९५ वॅट पोचेल हे गृहीत असतं. मात्र आठ पोर्टचा स्वस्त स्विच आठही पोर्टना एकाच वेळी पूर्ण वीज देईलच असं नाही. त्याच स्विचवर सीसीटीव्ही कॅमेरे असतील तर अंधार पडल्यावर त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची ओढ वाढते आणि एखाद्या पोर्टची वीज तुटते.

शेजारच्या टेबलावरचा फोन नीट चालत असेल तर त्याची केबल काढून या फोनला लावा. इथं तो सुरळीत चालला तर फोन निर्दोष आहे; जुना पोर्ट, केबल आणि स्विच तपासा. एक खबरदारी मात्र घ्याच. पिन बसते म्हणून कुठलाही अडॅप्टर लावू नका. काही फोनना ५ व्होल्ट लागतात, काहींना १२, काहींना ४८. चुकीच्या अडॅप्टरनं चांगला फोन खरोखर जळतो.

गैरसमज ३: फॅक्टरी रिसेट मारला की सगळं सरळ होतं.

वस्तुस्थिती: रिसेटनं फोनमधल्या सेटिंग पुसल्या जातात, सर्व्हरवरची फाइल तशीच राहते. अनेक ऑफिसांत प्रत्येक फोनसाठी सर्व्हरवर वेगळी फाइल ठेवलेली असते आणि तिच्या नावात त्या फोनचा बारा अक्षर-अंकांचा मॅक अ‍ॅड्रेस असतो. सर्व्हरचा पत्ता बहुतेकदा डीएचसीपीच्या ६६ नंबरच्या पर्यायातून फोनला मिळतो. चूक त्या फाइलमध्ये असेल, तर रिसेट झालेला फोन नेटवर्कवर येताच तीच फाइल पुन्हा उतरवतो आणि पुन्हा त्याच फेऱ्यात सापडतो.

त्यामुळे आधी फोन नेटवर्कपासून तोडा. त्याच कंपनीच्या योग्य अडॅप्टरवर, लॅन केबल न लावता तो सुरू करा. केबलमधून वीज देणारा पीओई इंजेक्टर असेल तर त्याची स्विचकडची बाजू मोकळी ठेवूनही हे जमतं. एकटा असताना फोन शांत राहिला तर दोष बाहेरून येतोय. आधी सर्व्हरवरची फाइल दुरुस्त करा, मग रिसेट करा आणि त्यानंतरच केबल जोडा. हा क्रम उलटा झाला तर सगळी मेहनत वाया जाते.

गैरसमज ४: रिसेटची बटणं सगळ्या फोनना सारखीच असतात.

वस्तुस्थिती: प्रत्येक कंपनीची, कधी कधी प्रत्येक मॉडेलची रीत निराळी असते. सिस्कोच्या ७९४२ किंवा ७९६२ मॉडेलमध्ये वीज जोडतानाच # बटण दाबून धरावं लागतं, लाइनच्या बटणांचे दिवे एकामागून एक लुकलुकू लागले की ते सोडून 123456789*0# हा क्रम दाबावा लागतो. येलिंकच्या अनेक फोनमध्ये ओके बटण दहाएक सेकंद दाबून धरलं की रिसेट करायचं का, असं फोन विचारतो. मात्र त्यासाठी फोन आधी पूर्ण सुरू झालेला हवा. फेऱ्यात अडकलेला फोन तिथवर पोचतच नाही, त्याला वीज जोडताना दाबायच्या बटणांचीच रीत लागते. फोन उलटा करून स्टिकरवरचं मॉडेल वाचा आणि कंपनीच्या पुस्तिकेत नेमकी त्याच मॉडेलची पद्धत पाहा.

गैरसमज ५: चूक फोनमध्ये झाली, म्हणजे दुरुस्तीही फोनमध्येच करावी लागणार.

वस्तुस्थिती: व्हीलॅनच्या चुकीत उलटा रस्ता जास्त सोपा असतो. व्हीलॅनचा क्रमांक १ ते ४०९४ यांपैकी कोणताही असू शकतो. समजा स्विचवर आवाजासाठी २० नंबर ठरवलाय आणि फोनमध्ये कुणी २०० टाकला. आता फोन २०० मध्ये आयपी अ‍ॅड्रेस मागत राहतो, तिथं उत्तर द्यायला कुणीच नसतं. वाट पाहून काही फोन रिस्टार्ट होतात आणि मेनू उघडायला वेळच मिळत नाही. अशा वेळी स्विचच्या त्या एका पोर्टवर तात्पुरता २०० नंबर चालू करा आणि त्यात डीएचसीपी मिळेल अशी सोय करा. फोनला अ‍ॅड्रेस मिळतो, तो स्थिर होतो. मग ब्राउझरमधून फोनचं पान उघडून २० नंबर टाका आणि पोर्ट पूर्ववत करा. फोनमधलं बाकी काहीही पुसावं लागत नाही.

गैरसमज ६: फोनच्या मागच्या दोन्ही जागी भिंतीतली केबल लावली की कनेक्शन पक्कं होतं.

वस्तुस्थिती: एक जागा स्विचकडून येणाऱ्या केबलची, दुसरी संगणकाला पुढे केबल देण्याची. दोन्ही केबल एकाच स्विचवर गेल्या तर नेटवर्कमध्ये लूप तयार होतो. लूप रोखण्याची सोय स्विचमध्ये नसेल तर अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क ठप्प होतं. साफसफाईनंतर किंवा टेबलं हलवल्यावर एकदम सगळेच फोन वेड्यासारखे वागू लागले, तर सर्वांत आधी हेच पाहा.

गैरसमज ७: फार वेळ लागतोय, बंद करून चालू करा.

वस्तुस्थिती: फोन नवं फर्मवेअर लिहीत असताना वीज काढली तर अर्धवट लिहिलेलं फर्मवेअर राहतं आणि सेटिंगच्या साध्या चुकीचं रूपांतर मोठ्या बिघाडात होतं. स्क्रीनवर अपडेटची सूचना असेल तर थांबा. स्विच आणि राउटर यूपीएसवर ठेवा, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी काम तुटणार नाही.

फर्मवेअर बिघडलंच तरी अनेक मॉडेलमध्ये सुटकेचा मार्ग असतो. लॅपटॉपला ठरावीक आयपी अ‍ॅड्रेस देऊन, त्यावर फाइल पाठवणारा टीएफटीपी सर्व्हर चालवून फोनला नवं फर्मवेअर पाजता येतं. टीएफटीपी ही १९८१ पासूनची साधी पद्धत आजही अडकलेली यंत्रं सोडवते. फाइल मात्र कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच आणि नेमक्या त्याच मॉडेलची घ्या.

गैरसमज ८: फोन गेला म्हणजे ऑफिसचा नंबर गेला.

वस्तुस्थिती: नांदेडचा ०२४६२ किंवा लातूरचा ०२३८२ ने सुरू होणारा तुमचा नंबर त्या डब्यात साठवलेला नसतो. तो सेवा देणाऱ्या कंपनीकडे आणि तुमच्या ईपीएबीएक्सवर किंवा सिप सर्व्हरवर असतो. फोन अडकला असताना तेच एक्स्टेन्शन दुसऱ्या फोनवर किंवा मोबाइलमधल्या सिप अ‍ॅपवर चालवता येतं, नाहीतर येणारे कॉल सर्व्हरवरूनच दुसऱ्या टेबलाकडे वळवता येतात. ही सोय आधी करा आणि मग शांतपणे दुरुस्तीला बसा. ग्राहकाला, रुग्णाला उत्तर मिळत राहिलं की घाई आपोआप संपते.

फोन सुरू झाल्यावर एक काम उरतं. रिसेटनंतर बऱ्याच मॉडेलमध्ये कंपनीचा मूळ पासवर्ड परत येतो आणि तो साऱ्या जगाला माहीत असतो. तो त्याच दिवशी बदला, नाहीतर कुणी परका तुमच्या खर्चानं परदेशी कॉल लावू शकतो.

प्रत्येक ऑफिसला एक विनंती. फोनचं मॉडेल, मॅक अ‍ॅड्रेस, व्हीलॅन नंबर, सर्व्हरचा पत्ता आणि तंत्रज्ञाचा मोबाइल नंबर आजच एका वहीत लिहून ठेवा आणि सेटिंग बदलण्याआधी जुन्या सेटिंगचा बॅकअप घ्या. पासवर्ड वेगळ्या, सुरक्षित जागी ठेवा. एवढी तयारी असेल तर असा फोन बहुतेक वेळा नवा खर्च न करता, आपल्याच गावात दुरुस्त होतो.