सोयाबीनच्या दाण्यात दडलंय काय?

दसऱ्याच्या आगेमागे अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही वावरात जा, सोयाबीनची सोंगणी चाललेली असते. थ्रेशर धडधडतं, कुटार उडतं आणि पोत्यात पिवळे दाणे पडतात. त्यातला एक दाणा हातावर घ्या बरं! या एवढ्याशा दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं असतात. तुरीच्या डाळीच्या जवळजवळ दुप्पट!

मग ओल्या हरभऱ्यासारखा तो कच्चाच का नाही खायचा? आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर प्रथिनांचे तुकडे करतं, कात्रीनं कापड कापावं तसं. सोयाबीनमधलं एक प्रथिन नेमकं त्या कात्रीच्या पात्यांत अडकून बसतं. मग पचायचं कसं? मोझेस कुनिट्झ या शास्त्रज्ञानं 1945 साली ते शुद्ध रूपात वेगळं केलं, म्हणून त्याचं नाव कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर. उष्णतेनं ते निकामी होतं. कोंबड्यांना घालायची सोयाबीनची ढेपसुद्धा आधी तापवावी लागते!

आता खरी गंमत. जगभरातून जमवलेल्या वाणांत काही असे सापडले, ज्यांत हे प्रथिन बनतच नाही. त्यांचा एक जनुक बिघडलेला होता. 2010 साली सोयाबीनचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात 46 हजारांवर जनुक! आपला हा जनुक आहे आठव्या गुणसूत्रावर.

इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं अशा एका वाणाचा जेएस 97-52 या आपल्याकडच्या वाणाशी संकर केला. पण संकरातल्या रोपाला एकाच पालकाकडून बिघडलेला जनुक मिळाला, तर दाण्यात ते प्रथिन बनतंच. दाण्यातलं प्रथिन तपासून काय कळणार? म्हणून शास्त्रज्ञ कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन त्यातला डीएनए तपासतात. हवी ती रोपं शेंगा धरायच्या आधीच निवडता येतात! यातूनच एनआरसी 127 हा वाण तयार झाला. त्यात दुसऱ्या कुठल्या जिवाचा जनुक घातलेला नाही.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र अमरावतीत आहे. सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा हे वाण तिथलेच. वऱ्हाडात पेरल्या जाणाऱ्या अशा वाणांतही कुनिट्झ प्रथिन न बनण्याचा गुण यावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि हो, कुनिट्झ नसलेल्या सोयाबीनमध्येही असं दुसरं एक प्रथिन थोडं उरतंच. तेव्हा वावरात गेलात तर कच्चे दाणे तोंडात टाकू नका. घरी आणा, रात्रभर भिजवा आणि आईला चांगले शिजवून द्यायला सांगा!