तळ्याचे देणे

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक वसाहत देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली. कारखानदारांना जाब विचारलाच पाहिजे. परंतु पालघर-बोईसर परिसरातील तळ्यांत उतरणारे घरगुती सांडपाणी कोणाच्या खाती मांडावयाचे? शौचटाकीतून पाझरणाऱ्या मैल्यातील नत्र व स्फुरद यांमुळे शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू सरतो आणि मासे मरतात. अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणते: सोय आपली, भुर्दंड इतरांना! दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घेणे, मोरीचे पाणी तळ्यापासून दूर शोषखड्ड्यात जिरविणे, निर्माल्याचे खत करणे, एवढे तरी प्रत्येक घरमालकाने करावे. स्वतःचे देणे फेडणाऱ्याच्याच शब्दाला कारखान्याच्या दारात वजन येईल.