वसई-विरार महापालिकेपुढचे पाणी आणि जमीन

वसई-विरार शहर महानगरपालिका 3 जुलै 2009 रोजी स्थापन झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदांसह भोवतालची गावे तिच्यात घेण्यात आली. त्यांतल्या 29 गावांचा विरोध पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. ही गावे महापालिकेतच राहतील, असे शासनाने 2024 मध्ये ठरवले.

नगरसेवकांची मुदत जून 2020 मध्ये संपली आणि पुढची साडेपाच वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. या काळात महासभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हाती होते; अंदाजपत्रक मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. अखेर 15 जानेवारी 2026 रोजी 115 जागांसाठी मतदान झाले आणि बहुजन विकास आघाडी पुन्हा सत्तेवर आली.

नव्या सभागृहापुढचा सर्वांत जुना विषय पाण्याचा. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती. आता ती कितीतरी वाढली आहे. सूर्या, उसगाव आणि पेल्हार या धरणांतून मिळून रोज सुमारे 230 दशलक्ष लिटर पाणी येत असे. 2023 च्या अखेरीस मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) सूर्या प्रादेशिक योजनेचे पाणी सुरू झाले. तिच्या 403 दशलक्ष लिटरपैकी 185 वसई-विरारचे, उरलेले मीरा-भाईंदरचे. कवडास येथे उचललेले पाणी सूर्यानगरला शुद्ध होते, मेंढवण खिंडीतल्या बोगद्यातून पुढे सरकते आणि महामार्गालगतच्या जलवाहिनीने काशीदकोपरच्या जलकुंभात पडते. तिथून पुढची जबाबदारी महापालिकेची, आणि खरी अडचण तिथेच आहे. वाढीव पाणी आले तरी वस्तीत जलवाहिनी पोहोचलेली नसेल, तर सोसायटीच्या दारात टँकर उभा राहतोच. विक्रमगड तालुक्यातल्या देहरजी धरणातून आणखी 190 दशलक्ष लिटर मिळायचे आहे. तेव्हाही प्रश्न शहरांतर्गत वाहिन्यांचाच असेल.

पावसाळ्यात याच शहराला पाणी नकोसे होते. जुलै 2018 च्या पुरात मिठागरांत कामगार अडकले, नालासोपाऱ्यात रूळ बुडाले. त्यानंतर राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (निरी) आणि आयआयटी मुंबई यांच्या सत्यशोधन समितीने धारण तलाव सुचवले. भरती असताना खाडी पावसाचे पाणी घेत नाही. ओहोटी लागेपर्यंत ते साठवून ठेवायला हे तलाव लागतात. उपाय साधा आहे, पण त्याला मोकळी जागा हवी. ती राखणे किती कठीण, हे नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत दिसले. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव जमिनीवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या नोव्हेंबर 2024 पासून पाडण्यात आल्या आणि हजारो रहिवासी बेघर झाले. घरे विकणारे मात्र कधीच पैसे घेऊन मोकळे झाले होते.

सिडकोने केलेला विकास आराखडा 2021 पर्यंतचा होता. तलाव, मलनिस्सारण आणि रस्ते यांची आरक्षणे यापुढे नव्या आराखड्यात ठरायची आहेत. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर ठरलेल्या मुदतीत कोणाही नागरिकाला लेखी हरकत घेता येते. त्यानंतर सुनावणी होते आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते.