घाटकोपर ते काळा घोडा

मुंबईतील आधुनिक आणि समकालीन कलेची बहुतेक दालने शहराच्या दक्षिण टोकाला, काळा घोडा, फोर्ट आणि कुलाबा या चालत फिरता येईल एवढ्या भागात आहेत. शहराची बहुसंख्य वस्ती मात्र उपनगरांत आहे. बोरिवली ते चर्चगेट अंतर सुमारे 34 किलोमीटर, मुलुंड ते सीएसएमटी सुमारे 31. त्यामुळे उपनगरातल्या माणसाला प्रदर्शन पाहायचे तर आधी दिवस जुळवावा लागतो. खासगी दालने साधारण सकाळी 11 ते संध्याकाळी 7 उघडी असतात आणि बरीचशी रविवारी बंद. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (एनजीएमए) सोमवारी बंद, भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. रविवारी सुट्टी असली तरी लोकलचा मेगाब्लॉक असतो. नोकरदाराच्या हाती उरतो तो शनिवार.

कला दक्षिणेला एकवटली त्याला इतिहास आहे. सर ज. जी. कला महाविद्यालयाची सुरुवात 1857 मधली, बॉम्बे आर्ट सोसायटीची 1888 मधली. 1947 मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाक्रे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला, तोही याच परिसरात. 1952 मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली. 1963 मध्ये तिच्याच पहिल्या मजल्यावर केकू गांधी यांनी केमोल्ड हे दालन उघडले. त्याच वर्षी पंडोल गॅलरीही आली. त्या काळात अंधेरीच्या पुढे बरीचशी शेती आणि खाजण होते. वस्ती उत्तरेकडे सरकत गेली, दालने जागची हलली नाहीत.

नवख्या प्रेक्षकाने सुरुवात जहांगीरपासून करावी, हे उत्तम. प्रवेश मोफत असतो, दार रस्त्यावरच उघडते, आणि प्रदर्शन साधारण आठवडाभराचे असल्याने महिन्याभरात पुन्हा गेले तरी भिंती बदललेल्या असतात. चित्रकार बहुधा दालनातच बसलेला असतो. त्याला विचारले तर तो बोलतो. बाहेर फुटपाथवरही चित्रे मांडलेली असतात. खासगी दालनांचे तसे नाही. ती जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर असतात, जिना चढून बेल वाजवावी लागते, आत कमालीची शांतता असते. ‘विकत घ्यायचे नसेल तर जायचे कसे?’ हा संकोच अनेकांना दारातूनच परत फिरवतो. तो बाळगण्याचे कारण नाही. पाहायला पैसे पडत नाहीत आणि कोणी हटकतही नाही. चित्राशेजारच्या पट्टीवर नाव, साल, माध्यम आणि आकार असतो. लाल टिकली दिसली की काम विकले गेले समजावे. खरी अडचण भाषेची आहे. भिंतीवरचे टिपण बहुतेक ठिकाणी फक्त इंग्रजीत असते. मराठी प्रेक्षकाला यावेसे वाटावे, असे दालनांना मनापासून वाटत असेल तर एक पानभर मराठी मजकूर छापणे अवघड नाही.

एनजीएमए 1996 पासून 1911 सालच्या कावसजी जहांगीर सभागृहात आहे. आतली पातळ्यांची रचना अशी की प्रेक्षक अर्धवर्तुळाकार सज्जांमधून वर वर जात अखेर घुमटाखाली पोहोचतो. एखाद्या चित्रकाराचे पन्नास वर्षांचे काम पाहायला ही चढण फार सोयीची आहे. 2019 मध्ये प्रभाकर बरवे यांचे आणि त्याच वर्षअखेरीस सुधीर पटवर्धन यांचे मोठे प्रदर्शन इथे झाले.

पटवर्धनांचे नाव उपनगरवासीयांनी आवर्जून लक्षात ठेवावे. मुलुंडच्या पुढच्याच ठाण्यात त्यांनी 1975 ते 2005 अशी तीस वर्षे रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केले आणि सोबत चित्रे काढली. लोकल, इराणी हॉटेल, नाला, ठाण्यातले पोखरण, उल्हासनगर हे त्यांचे विषय. त्यांच्या मोठ्या कॅनव्हासवर रस्ता एकाच जागेवरून दिसत नाही. पुलावरून, गच्चीवरून आणि फुटपाथवरून एकाच वेळी पाहिल्यासारखा दिसतो. रोज गाडीच्या दारातून शहर पाहणाऱ्याला ही नजर लगेच ओळखीची वाटते. 2008 च्या सुमारास त्यांनी आखलेले ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांमधून फिरले. प्रेक्षक चित्रांपर्यंत येत नसेल तर चित्रांनी त्याच्या गावी जावे, हा त्यामागचा विचार फार मोलाचा होता.

अतुल डोडिया तर घाटकोपरचेच. 1959 चा जन्म, ज. जी. मधले शिक्षण, 1989 मध्ये केमोल्डला पहिले एकल प्रदर्शन. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये 2001 साली ‘सेंच्युरी सिटी’ हे प्रदर्शन भरले. त्यात मुंबईवरच्या भागात डोडियांनी दुकानाची लोखंडी शटर मांडली. गल्लीतल्या किराणा दुकानाला असते तसेच शटर. ‘महालक्ष्मी’ या कामात त्याच्या पन्हाळीदार पत्र्यावर कॅलेंडरवरच्यासारखी देवी रंगवलेली आहे. शटर वर सरकले की मागे गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात; हुंड्याच्या विवंचनेतून झालेल्या आत्महत्येचा तो संदर्भ. देवी गुंडाळली जाते तेव्हाच त्या मुली उघड होतात. हे काम छायाचित्रात अर्धेच पोहोचते, कारण शटर सरकण्याचा क्षण त्यात सापडत नाही. भाऊ दाजी लाड संग्रहालयात 2014-15 मध्ये त्यांचे ‘7000 म्युझियम्स’ हे प्रदर्शन भरले. मूळ 1872 चे, 2008 मध्ये जीर्णोद्धार होऊन पुन्हा खुले झालेले हे संग्रहालय जुन्या कपाटांच्या सोबतीने नवी कला दाखवते, आणि घाटकोपर-मुलुंडकरांना भायखळा स्टेशनवर उतरून चालत गाठता येते.

उपनगर जिल्ह्यातही आता काही ठिकाणे आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटीची वास्तू वांद्र्याच्या रेक्लमेशनला आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात 2023 मध्ये नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरचे चार मजली आर्ट हाउस उघडले. पहिल्याच प्रदर्शनात भूपेन खक्कर, शांतीबाई आणि आन्सेल्म कीफर एका छताखाली होते. कलाकृतींचा सर्वांत मोठा साठा मात्र अंधेरी पूर्वेला आहे. विमानतळाच्या टर्मिनल 2 मध्ये 2014 पासून राजीव सेठी यांनी मांडलेले ‘जय हे’ संग्रहालय, तीन किलोमीटरहून लांब भिंतीवर हजारो वस्तू. पण त्याचा बहुतांश भाग विमानाचे तिकीट हातात असलेल्यांनाच दिसतो. शेजारच्या सहार गावातल्या मुलांना नाही. अंधेरीच्या उत्तरेला, बोरिवलीपर्यंत, आधुनिक कलेचे मोठे सार्वजनिक संग्रहालय आजही नाही.

प्रवास मात्र बदलला आहे. मेट्रो 3 ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. घाटकोपर किंवा अंधेरीहून मेट्रो 1 ने मरोळ नाका, तिथे गाडी बदलून थेट हुतात्मा चौक. वर आले की काळा घोडा चालत काही मिनिटांवर. संध्याकाळी 6 ला पोहोचले तरी एक दालन निवांत पाहून होते.