सावलीचं कापड वाऱ्यात का फाटतं?

मार्च उजाडला की गच्चीवर, सोसायटीच्या पार्किंगवर, शाळेच्या मैदानाकडेला ताणलेली तिकोनी-चौकोनी कापडं दिसू लागतात. विकणारे त्यांना शेड सेल म्हणतात, घरात मात्र ती जाळीच. मेअखेर यांतली बरीचशी एका कोपऱ्यावर लोंबत असतात आणि मालक म्हणतो, ‘माल हलका निघाला.’ कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा कापड शाबूत असतं. तुटलेला असतो तो दोरा, निसटलेली असते ती कडी, उखडलेला असतो तो भिंतीतला बोल्ट.

सगळ्यांत महाग पडणारी समजूत अशी, की कापड थोडं सैल ठेवावं, म्हणजे वाऱ्याला वाट मिळते. घडतं उलटं. सैल कापड फडफडतं आणि प्रत्येक फडफडीच्या शेवटी एक झटका बसतो. सावकाश, एकसारखी ओढ कडी आणि शिवण सहन करतात. तोच जोर हजारो वेळा झटक्याने आला, की शिवण उसवते, कापड कडीपाशी झिजतं. म्हणून कापड ताठच हवं.

ताठ हवं, पण सपाट नको. चारही कोपरे एकाच उंचीवर बांधले, तर मध्ये थोडा भार आला तरी कोपऱ्यांना त्याच्या कितीतरी पट ओढ बसते. समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि उरलेले दोन खाली घेतले, की कापडाला दुहेरी बाक येतो. एका दिशेचे धागे खालून उचलणाऱ्या वाऱ्याला तोंड देतात, दुसऱ्या दिशेचे वरून दाबणाऱ्याला. कडाही याच कारणासाठी आत वळलेल्या कापतात. ‘माप कमी दिलं’ अशी तक्रार गिऱ्हाईक करतं खरं, पण सरळ कडेला ताण पोचत नाही आणि ती फडफडत राहते.

‘जाळीला भोकं आहेत, वारा आरपार जातो,’ हेही अर्धंच खरं. नव्वद टक्के सावली देणाऱ्या विणीत वाऱ्याला मोकळी जागा फारच थोडी. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. चार मीटर बाय चार मीटरच्या कापडाने वारा पुरता अडवला असं धरलं, तर ताशी ३० किलोमीटरला साधारण ७० किलोंचा भार येतो, ६० ला पावणेतीनशे किलोंचा आणि १०० ला पाऊण टनाचा. हा जोर अर्ध्या विटेच्या कठड्यात ठोकलेल्या खुंटीवर किंवा पाण्याच्या टाकीच्या नळावर टाकणं म्हणजे खालून जाणाऱ्याच्या जिवाशी खेळ. बांधायचं ते आरसीसी खांबाला किंवा खोल पाया घेतलेल्या लोखंडी खांबाला. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, पुणे-नाशिकसाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबई-नागपूरसाठी ४४ मीटर असा मूळ वेग धरतं. ताशी हिशेबात हे सुमारे १४० आणि १५८ किलोमीटर होतात. कुठलंही घरगुती शेड सेल अशा वाऱ्यात वर राहू नये. ते आधीच उतरलेलं असावं.

पण आधी म्हणजे कधी? ‘पाऊस लागला की काढू’ हे उत्तर चुकीचं आहे. आपल्याकडे घात करतात ते वळीव आणि मान्सूनआधीची चक्रीवादळं. मुंबईत घाटकोपरला महाकाय फलक कोसळून १७ जण गेले ते १३ मे २०२४ रोजी. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं ३ जून २०२० ला, आणि तौक्ते कोकण झोडपत गुजरातेकडे गेलं २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यात. तिन्ही वेळा मान्सून महाराष्ट्रात पोचायचा होता. कोकणात आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत अंगणातला मांडव उतरवतात. शहरातल्या कापडालाही तीच शिस्त लागू आहे. त्याआधीही, वेधशाळेने ताशी ५०-६० किलोमीटरच्या सोसाट्याचा इशारा दिला की कापड त्या दिवसापुरतं खाली घ्यावं. म्हणून बांधतानाच टर्नबकल (फिरवून ताण कमी-जास्त करायचा आटा) आणि शॅकल (पिनेने उघडणारी कडी) वापरा. सुतळीच्या गाठी ऐन वादळात सुटत नाहीत. टर्नबकलचा दुसराही उपयोग आहे. ताणाखाली हे कापड हळूहळू लांबतं, त्यामुळे काही आठवड्यांनी ते पुन्हा कसावं लागतं.

पावसाने मात्र ही जाळी कुजत नाही. ती उच्च घनतेच्या पॉलिथिनची असते आणि पॉलिथिन पाणी पीत नाही. हिरवं धरतं ते तिच्यावर बसलेल्या धुळीवर. विदर्भातल्या उन्हाने ती वितळण्याचाही प्रश्न नाही, कारण त्यासाठी सुमारे १३० अंश लागतात. तिला खातात ते अतिनील किरण. पॉलिथिनमध्ये काळी काजळी किंवा प्रकाश-स्थिरक मिसळले नसतील, तर दोन-तीन उन्हाळ्यांत ते ठिसूळ होतं. हे स्थिरक रसायनांनीही निकामी होतात. द्राक्षबागेत भुरीसाठी गंधक फवारतात, तिथे जवळची जाळी लवकर जाते. पोहण्याच्या तलावातलं क्लोरीनही तेच करतं.

‘दहा वर्षांची यूव्ही हमी’ वाचून निर्धास्त होऊ नका. अशी हमी सहसा कापडाची असते; शिवण आणि वाऱ्याने झालेलं नुकसान तिच्यात धरलेलं नसतं. साधा पॉलिएस्टर दोरा कापडाच्या आधी संपतो. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचा, दोरा उन्हाला दाद देत नाही. महाग आहे, पण कायमच्या कामाला तोच घ्यावा. जीएसएम (दर चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) जास्त म्हणजे आयुष्य जास्त, असंही सरळ गणित नाही. जड कापड निकृष्ट दोऱ्याने शिवलं तर आधी दोराच जाणार.

पाणी अडवणारं कापड हवं असेल तर ते पीव्हीसी-लेपाचं घ्यावं लागतं. त्याला ढाळ नसेल तर पोट सुटतं आणि पाणी साचतं. दहा सेंटिमीटर साचलं तर दर चौरस मीटरला १०० किलो.

रत्नागिरी किंवा गोव्यात, समुद्राजवळ, स्टीलही नुसतं ‘स्टेनलेस’ म्हणून घेऊ नका. ३०४ प्रतीवर खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ती टिकते.

उतरवलेलं कापड सौम्य साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. दिवाळीतही ते खालीच बरं; फटाक्याच्या एका ठिणगीने पॉलिथिनला भोक पडतं. पुन्हा चढवताना चारही कोपऱ्यांची शिवण नखाने ओढून बघा. दोरा तुटला, तर कापड चांगलं दिसत असलं तरी आधी ते शिवायला द्या.