वाचलो, पण लिहून ठेवलं का?

नवी मुंबईतून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. टर्मिनल, पार्किंग, तिकिटांचे दर यांवर भरपूर छापून आलं. आता बंगळुरूत चार वर्षांपूर्वी घडलेल्या एका घटनेकडेही तेवढ्याच बारकाईने पाहायला हवं. नवी मुंबईच्या आराखड्यात जशा दोन समांतर धावपट्ट्या आहेत, तशा बंगळुरूच्या केम्पेगौडा विमानतळावर डिसेंबर २०१९ पासून वापरात आहेत.

जानेवारी २०२२ मधली ती सकाळ. उत्तरेची धावपट्टी उड्डाणांसाठी आणि दक्षिणेची उतरणाऱ्या विमानांसाठी, अशी वाटणी होती. शिफ्ट इन-चार्जने ती बदलली आणि सगळी ये-जा उत्तरेवरून करायचं ठरवलं. हा निरोप दक्षिण टॉवरच्या नियंत्रकापर्यंत पोहोचलाच नाही. तिथून कोलकात्याला निघालेल्या इंडिगोच्या विमानाला उड्डाणाची परवानगी मिळाली आणि त्याच सुमारास उत्तर टॉवरने इंडिगोच्याच भुवनेश्वरच्या विमानाला सोडलं. दोन्ही विमानं उडाली आणि हवेत एकमेकांकडे सरकू लागली. दोन्हींत मिळून ४२६ जण होते. अप्रोच रडारवरच्या नियंत्रकाच्या ते वेळीच लक्षात आलं. त्याने दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळवलं, म्हणून अनर्थ टळला.

मला याहून गंभीर वाटतं ते पुढचं. या प्रसंगाची कोणत्याही लॉगबुकमध्ये नोंद झाली नाही आणि विमानतळ प्राधिकरणाने तो कळवलाही नाही, असं ‘डीजीसीए’ या हवाई वाहतूक नियामकाच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं. प्रकरण बाहेर आलं, चौकशी झाली. आलं नसतं तर? दोन टॉवरमध्ये निरोप हरवू शकतो, हे दुसऱ्या कोणत्याही विमानतळाला कळलंच नसतं.

विमानात टक्कर टाळणारं ‘टीकास’ हे यंत्र असतं, मग काळजी कसली, असं अनेकांना वाटतं. हे यंत्र खरोखर मोलाचं आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं धडकून ३४९ माणसं गेली. त्यानंतर आपल्याकडे अशी यंत्रणा सक्तीची झाली. १० जुलै २०१८ रोजी बंगळुरूच्याच हवाई क्षेत्रात इंडिगोच्या दोन विमानांमधलं उंचीचं अंतर २०० फुटांवर आलं होतं; तिथे याच यंत्राने वैमानिकांना सावध केलं. पण ती विमानं २७ हजार फुटांवर होती. जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली हे यंत्र ‘वर जा, खाली जा’ असा आदेश देणं थांबवतं, कारण तिथे खाली जायला जागाच नसते. म्हणजे उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात उरतात ती माणसंच : टॉवरमधली आणि कॉकपिटमधली.

त्यांच्या हाताशी वेळ किती असतो? उतरणारं जेट ताशी सुमारे २६० किलोमीटरने येतं. पुढच्या विमानाशी तीन सागरी मैलांचं अंतर असेल, तर ते सव्वा मिनिटात कापलं जातं. तेवढ्यात पुढच्याने धावपट्टी मोकळी करायची किंवा मधल्या एखाद्याने उडून जायचं. ८ जून २०२४ रोजी मुंबईत हे गणित किती घट्ट झालंय ते साऱ्या देशाने व्हिडिओत पाहिलं : तिरुवनंतपुरमला निघालेलं एअर इंडियाचं विमान धावपट्टीवर वेग घेतच होतं आणि मागे इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान त्याच धावपट्टीवर टेकलं. तिथल्या टॉवरमधल्या नियंत्रकाला लगेच कामावरून बाजूला करण्यात आलं. चौकशीपुरतं ते योग्य असेलही. मात्र बाकीच्या नियंत्रकांनी त्यातून ‘बोललो तर आपणच अडकू’ एवढाच अर्थ काढला, तर पुढची चूक लपवली जाईल.

चुकीची माहिती सगळ्यांपर्यंत न पोहोचण्याची किंमत अमेरिकेने मोजली आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर उतरायला निघालेलं टीडब्ल्यूए ५१४ हे विमान माउंट वेदर या डोंगरावर आदळलं. ९२ जण मृत्युमुखी पडले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ नियंत्रकाने एक घेतला होता, वैमानिकांनी दुसरा. चौकशीत उघड झालं की जेमतेम सहा आठवडे आधी युनायटेडचं एक विमान याच गैरसमजातून याच डोंगरावरून थोडक्यात बचावलं होतं. त्याच्या वैमानिकांनी ते प्रामाणिकपणे कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएपर्यंत ती माहिती गेलीच नाही.

त्यातूनच १९७६ मध्ये एक वेगळी व्यवस्था उभी राहिली. वैमानिक आणि नियंत्रक आपल्या चुका ‘नासा’ला कळवतात. ‘नासा’च का? कारण तिच्याकडे परवाना रद्द करण्याचा अधिकार नाही. नाव-गाव पुसून माहिती सगळ्यांना खुली केली जाते. चूक अजाणता झाली असेल आणि वेळेत कळवली असेल, तर सहसा दंडातूनही सूट मिळते. जाणूनबुजून केलेल्या बेफिकिरीला मात्र हे संरक्षण नाही, आणि ते नसावंच.

स्वेच्छेने कळवण्याची सोय आपल्याकडेही कागदावर आहे. पण शिक्षा देणाऱ्याच्याच दारात जाऊन आपली चूक सांगायला कोण धजावेल? ही नोंद ‘डीजीसीए’ आणि प्राधिकरण या दोघांच्याही बाहेरच्या, स्वायत्त संस्थेकडे जायला हवी आणि तिचा सारांश दर तीन महिन्यांनी जाहीर व्हायला हवा. मुंबईच्या आकाशात आता दोन मोठ्या विमानतळांची वाहतूक शेजारी-शेजारी चालणार आहे. नवी मुंबईची दुसरी धावपट्टी सुरू होण्याआधी एवढं तरी व्हावं. आणि आपण वाचकांनीही पुढच्या वेळी अशी बातमी आली की ‘कोणाला निलंबित केलं’ हे विचारून थांबू नये. ‘अहवाल कुठे आहे आणि त्यानंतर नेमकं काय बदललं’ हे विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं.