शिवनेरीच्या फुलाचं आजोळ

पावसाळ्यात जुन्नरच्या शिवनेरीवर कड्याच्या फटीत एक मांसल वनस्पती पानावर येते. जाड, लोंबत्या फांद्या, दळदार पानं आणि चांदणीसारखं पाच पाकळ्यांचं किरमिजी फूल. त्यावर पिवळे ठिपके. उन्हाळ्यात पानं झडून नुसत्या फांद्या खडकाला धरून राहतात. ही शिंदळ माकुडी, म्हणजेच शिवसुमन. सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांखेरीज ती रानात कुठेच उगवत नाही.

१८६०च्या दशकात निकोल डाल्झेल यांनी मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिलं. माकडशिंगासारख्या तिच्या नात्यातल्या वनस्पतींना पानं जवळपास नसतातच. हिला मात्र ती चांगली ठसठशीत. म्हणून तिची प्रजातीच स्वतंत्र मानली गेली.

हे नातं तपासायला हरितलवक कामी आलं. पानात उन्हाच्या बळावर अन्न तयार करणाऱ्या या कणांचे पूर्वज एके काळी स्वतंत्र जगणारे जिवाणू होते. त्यामुळे त्यांच्याकडे आजही स्वतःचा डीएनए आहे, साधारण दीड लाख अक्षरांचा. तंबाखूच्या हरितलवकातली ही सगळी अक्षरं १९८६ मध्येच वाचून झाली. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हा डीएनए बीजांडातून पुढच्या पिढीत जातो, परागातून नाही. म्हणजे ही आजोळची वंशावळ. तिच्यातली अक्षरं फार सावकाश बदलतात, म्हणून लाखो वर्षांपूर्वीचे बदलही त्यात टिकून असतात. तोच बदल ज्यांच्यात सापडतो, त्यांची मूळ आई एक असण्याची शक्यता मोठी.

फक्त आईकडचं पाहून नातं ठरत नाही. संकर झाला असेल तर फसगत होते. म्हणून केंद्रकातला डीएनएही सोबत वाचतात. अशा अभ्यासांत शिंदळ माकुडी बिनपानांच्या ‘बाउसेरोसिया’ गटात जाऊन बसली. २०१७ मध्ये पीटर ब्रुइन्स आणि सहकाऱ्यांनी तर हा सगळा गोतावळाच ‘सेरोपेजिया’त, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या प्रजातीत घेतला. सगळ्यांना ते मान्य नाही; पण ही कंदीलपुष्पांची भावंडं आहेत, यावर वाद उरलेला नाही.

शिंदळ माकुडी फांदी लावूनही सहज जगते. पण फांदीतून आलेलं रोप म्हणजे त्याच झाडाची नक्कल, त्याच आईची तीच अक्षरं. कुंडीतल्या शंभर रोपांतही एकाच झाडाची वंशावळ असू शकते; कड्यावर बियांतून रुजलेल्या रोपांत मात्र अनेक आयांच्या वंशावळी असतात. म्हणून तिथलं झाड तिथेच राहायला हवं.